उंबऱ्याच्या आत नाही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तलावपाळीच्या कट्ट्यावर तू अर्धा तास बोललास आणि मी नुसता हुं हुं करत राहिलो. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो. "भाऊ, घणसोलीच्या घराचं डाउन पेमेंट बाबांनी दिलंय, आता त्यांनाच कसं सांगू की सिगारेट बाहेर जाऊन ओढा?" एवढाच तुझा प्रश्न.

घर कुणाच्या पैशाने झालं, याचा धुराशी काय संबंध? चार महिन्यांची लेक आहे घरात. उंबऱ्याच्या आत सिगारेट नाही. विषय संपला.

"बाल्कनीत ओढतात, मी दार लावून घेतो," म्हणालास. अरे, तुझी बाल्कनी खाडीच्या बाजूला. दुपारनंतर वारा कुठून कुठे येतो, हे तुला मी सांगायचं? पंखा, एक्झॉस्ट, अगरबत्ती यांनी वास दबतो, धोका नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरने, २००६ च्या अहवालात स्वच्छ लिहिलं आहे की दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराची सुरक्षित अशी मात्राच नाही आणि हवा खेळती ठेवून भागत नाही.

हे मला माझ्या दादाने शिकवलं, नकळत. नौपाड्यात आमच्या दोन खोल्या. तो सिगारेट खिडकीच्या कडाप्प्यावर ठेवून पेपर वाचायचा. पेटत्या टोकातून निळसर रेघ सरळ वर जायची आणि हातभर गेली की आत वळायची. दादा तोंडातून सोडायचा तो धूर करडा. फिल्टरमधून, त्याच्या छातीतून जाऊन आलेला. टोकाचा मात्र न गाळलेला, आणि शेजारी बसलेल्याच्या नाकात जातो तो बहुतेक हाच. त्यात सात हजारांवर रसायनं, त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोग करणारी. त्याच खिडकीखाली माझा मुलगा झोपायचा.

रात्री त्याची छाती वाजायची. मांजर घुरघुरावं तशी. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी ओढतं का?" मी म्हणालो, "बाहेर ओढतात." खोटं बोललो, मुलाला मांडीवर घेऊन. मोठ्या भावाची भीड! तीन वर्षं गेली त्या भिडेत. चार महिन्यांचं बाळ मिनिटाला तीस-चाळीस श्वास घेतं, आपण बारा ते वीस. अशा धुरात वाढलेल्या मुलांना न्यूमोनिया, कानाचं दुखणं, दमा जास्त होतो. तान्ही बाळं झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो. तुला घाबरवायला लिहीत नाही. मी तेव्हा घाबरायला हवं होतं.

आणि फक्त बाळाचंच नाही. सूनबाईचं काय? १९८१ साली जपानच्या ताकेशी हिरायामा या संशोधकाने एक्क्याण्णव हजारांवर बायकांचा अभ्यास छापला. स्वतः कधी न ओढणाऱ्या, पण नवरे खूप ओढणारे, अशा बायकांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त निघाला. त्या बायकाही घरातच होत्या, उंबऱ्याच्या आत.

तू म्हणशील, कायदा आहे की. आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून ऑफिसात, हॉटेलात, स्टेशनावर ओढली तर दोनशे रुपयांपर्यंत दंड. आपल्या वर्कशॉपच्या केबिनमधला धूर 'धूम्रपान निषिद्ध'च्या पाटीने बराच कमी झाला. पण कुणाच्या हॉलमध्ये येऊन कोणी पावती फाडत नाही. तिथे तुलाच तोंड उघडावं लागेल.

मी उघडलं, पण तीन वर्षं साचून. म्हणून आवाज चढला, नको ते बोललो, आणि दादा महिन्याभरात कळव्याला बिऱ्हाड घेऊन गेला. मुलाच्या लग्नात हॉलवर आला, अक्षता टाकून गेला. घरी अजून आलेला नाही. नातेवाईक म्हणतात, धुरापायी सख्खा भाऊ तोडला. मी नाही तोडला. मी फक्त जिन्याकडे बोट दाखवलं. मुलाची छाती त्या पावसाळ्यात वाजली नाही, हे त्या नातेवाइकांपैकी एकालाही ठाऊक नाही. आज पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच सांगेन, फक्त पहिल्याच आठवड्यात आणि हळू आवाजात.

तुझ्याकडे तो पहिला आठवडा अजून आहे, दवडू नकोस. बाबांना सिगारेट सोडा म्हणू नकोस. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं, आणि ठरवलं तर १८०० ११ २३५६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. तू एवढंच म्हण : बाबा, खाली जाऊन ओढा, वर आलात की हात धुवा, शर्ट बदला, मग नातीला घ्या. धूर कपड्यांनाही चिकटतो. सातवा मजला असला तरी लिफ्ट आहे. सोसायटीच्या गेटाबाहेर त्यांच्यासाठी एक खुर्ची टाक. पहिले काही दिवस तू स्वतः सोबत उतर, लांब उभा राहा, पण उतर. त्यांना हाकललं असं वाटता कामा नये. दादाबरोबर मी एकदाही जिना उतरलो नाही.

रविवारी सकाळी, चहा झाल्यावर बोल. सूनबाईला पुढे करू नकोस. बाप तुझा आहे. संध्याकाळी मला फोन कर, काय म्हणाले ते सांग.

तुझा,
भाऊ