धरलेला बास सोडायचा की शिजवायचा?

प्रश्न : मी निवृत्त आहे, वय ६८. मुलगा टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे होतो, तेव्हा तो मला लेक फोर्क नावाच्या तलावावर गळ टाकायला घेऊन गेला. माझ्या गळाला ‘लार्जमाउथ बास’ लागला. पट्टीवर तो २० इंच भरला. मुलाने फोटो काढला आणि मी काही बोलायच्या आत मासा पाण्यात सोडून दिला. वर “बाबा, इथे बास खात नाहीत, सोडतात,” असे सांगितले. आमच्या घरी माशाचे डोकेसुद्धा कालवणात जाते, त्यामुळे मला हे पटले नाही. खायचा नसेल तर त्या जिवाला गळाला लावून छळायचे कशाला? शिवाय हा बास म्हणजे आपल्याकडे मिळतो तो बासाच का? पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहोत. एखादा घरी आणून खाल्ला तर चालेल का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे दुकानांत आणि हॉटेलांत ‘बासा’ म्हणून जो पांढरा, बिनकाट्याचा तुकडा मिळतो, तो पंगस जातीच्या माशाचा असतो. मोठ्या हॉटेलांच्या मेनूवर ‘सी बास’ लिहिलेला बहुधा आपला जिताडा असतो. लार्जमाउथ बास या दोघांहून निराळा, उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा आहे. त्याच्या जबड्याची कड डोळ्याच्याही मागे जाते, म्हणून तो ‘मोठ्या तोंडाचा’. तो उचलताना तुम्ही खालच्या जबड्यात अंगठा घातला असेल, तर पॉलिश पेपरवरून बोट फिरवल्यासारखे वाटले असेल. त्याचे दात तितकेच बारीक असतात.

तुमच्या २० इंची माशाबाबत चिरंजीवांनी केले ते बरोबर, पण सांगितलेले कारण चुकीचे. टेक्सासमध्ये सर्वसाधारण नियम असा, की १४ इंचांहून लहान लार्जमाउथ बास ठेवता येत नाही आणि एका माणसाला दिवसाला पाचच ठेवता येतात. लेक फोर्कला मात्र वेगळा नियम आहे. तिथे १६ ते २४ इंचांच्या दरम्यानचा प्रत्येक बास सोडावाच लागतो. १६ इंचांपर्यंतचे ठेवता येतात आणि २४ किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच. तुमचा मासा या सक्तीच्या पट्ट्यात बरोबर मध्यावर होता. तो पिशवीत घालून आणला असता, तर जेवणाआधी दंडाची पावती हातात पडली असती.

हा नियम उलटा वाटतो, कारण आपण लहान मासा सोडतो आणि मोठा घेतो. पण तलावात लहान बासांची फार गर्दी झाली, की सगळ्यांना खाणे अपुरे पडते आणि ते वर्षानुवर्षे वीतभरच राहतात. अशा पाण्यातून थोडे लहान मासे काढणे उरलेल्यांच्या हिताचे असते. उलट, मोठे आणि वजनदार बास बहुतेक वेळा माद्या असतात आणि त्या आकाराला यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून मधल्या पट्ट्यातल्यांना अभय. तिथल्या खासगी शेततळ्यांच्या मालकांना तर तज्ज्ञच सांगतात, की लहान बास काढून खा. प्रत्येक मासा सोडायचाच, हा हट्ट धरल्याने तळी बिघडल्याची उदाहरणे आहेत.

‘इथे बास खात नाहीत’ हेही खरे नाही. जॉर्ज पेरी नावाच्या तरुणाने २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोहून थोडा अधिक वजनाचा बास धरला. तो जागतिक विक्रम ठरला, आणि घरच्यांनी तो शिजवून खाल्ला. सोडण्याची रीत मुख्यतः नंतर रुजली. बासच्या मोठ्या स्पर्धा भरवणारे रे स्कॉट यांनी १९७२ पासून मासे जिवंत ठेवून, वजन करून परत सोडण्याची पद्धत आणली आणि हौशी लोकांनी ती उचलली. ज्या रीतीला चिरंजीव देशाचा धर्म समजतात, तिचे वय तुमच्याहूनही कमी आहे.

आता तुमचा मूळ आक्षेप. तो जुनाट म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडण्याच्याच हेतूने मासे धरायला कायद्याने मनाई आहे. भूक नसताना जिवाला त्रास का, हाच त्यामागचा विचार. माझे मत मात्र थोडे वेगळे आहे. सोडण्यात पुण्य नाही आणि खाण्यात पाप नाही. ते पाणी कोणते, हंगाम कोणता आणि मासा कोणत्या अवस्थेत आहे, यावर हे ठरते. विक्रमाचीच पुढची गोष्ट घ्या. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी पेरींच्या विक्रमाची बरोबरी साधणारा बास धरला. पण जपानमध्ये हा मासा १९२५ मध्ये बाहेरून आणलेला. बिवातल्या मूळच्या माशांचा त्याने फडशा पाडला, म्हणून त्या शिगा प्रांतात धरलेला बास परत सोडायलाच २००३ पासून बंदी आहे. एकच मासा एका तलावात सोडला नाही तर नियमभंग, दुसऱ्यात सोडला तर नियमभंग.

हंगामाचे आपल्याला समजायला सोपे आहे. वसंतात पाणी सोळा-सतरा अंशांवर आले, की बासचा नर उथळ तळाशी शेपटीने खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि पुढे राखण नरच करतो. त्याला गळाला लावून बाजूला नेले, की टपून बसलेले लहान मासे काही मिनिटांत अंडी खाऊ लागतात. नंतर सोडलेला नर परततो तेव्हा घर लुटलेले असते. आपल्याकडे मरळ मासा लालसर पिलांचा पुंजका असाच सांभाळतो, आणि काही लोक नेमका तो पुंजका हेरून गळ टाकतात. पहिल्या पावसात चढणारे, गाबोळीने भरलेले वलगणीचे मासे आपण किती आवडीने खातो, हे आठवले की अमेरिकेतल्या लोकांना उपदेश करायला माझीही जीभ रेटत नाही.

सोडायचा तर नीट सोडावा. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरल्यास अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेवर बुरशी चढते, म्हणून हात आधी ओले करावेत. जड मासा नुसत्या जबड्याने लोंबकळत न ठेवता दुसरा हात पोटाखाली द्यावा. फोटोसाठी पाच-सहा सेकंद पुरेत. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नये, दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडावा. कल्ल्यांतून रक्त वाहत असलेला मासा बहुधा जगत नाही. तो मापात बसत असेल तर सोडून दिल्याचे समाधान मिळवू नये, घरी न्यावा. मापात नसेल, तर मरणार हे दिसत असूनही सोडावाच लागतो. नियमाची ही बाजू मलाही बोचते.

खाण्याबद्दल आता सरळ सांगतो. तुम्हालाही परवाना लागेल, कारण पाहुण्यालाही तो सुटत नाही. त्या वर्षीचे माप परवान्याबरोबर तपासून घ्या. लेक फोर्कवर १४ ते १६ इंचांमधला मासा निवडा. बास इतर मासे खाऊन जगतो, त्यामुळे पाण्यातला पारा त्याच्या मांसात साठत जातो, आणि मासा जितका मोठा व म्हातारा तितका अधिक. हा पारा शिजवल्याने जात नाही. टेक्सासच्याच कॅडो तलावातल्या बासबद्दल आरोग्य खात्याची पाऱ्याची सूचना आहे, म्हणून तलावागणिक चौकशी करावी. ज्या पाण्याबद्दल सूचनाच नाही, तिथल्या माशाचा तिथल्या सरकारी सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्यातून एकच वाटा, साधारण ११० ग्रॅम, खावा आणि त्या आठवड्यात दुसरा मासा घेऊ नये. सूनबाई गरोदर असतील किंवा घरात लहान मूल असेल, तर ही चौकशी टाळू नका.

चव सौम्य असते, मांस पांढरे आणि पाकळ्या सुटणारे. गोड्या पाण्याचा मातकट वास मुख्यतः कातडीत आणि बाजूच्या लालसर पट्टीत असतो. दोन्ही काढून टाका. उरलेला वास आंबटाने उतरतो, त्यामुळे जाताना बॅगेत कोकमाचे आगळ न्या. आगळ, हळद, मीठ आणि आले-लसूण लावून अर्धा तास ठेवा, मग तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर भाजा. सुरमईची आशा मात्र धरू नका.

प्रश्न : मी सुट्टीच्या दिवशी बदलापूरच्या बाजूला उल्हास नदीवर गळ टाकतो. परदेशी व्हिडिओ पाहून आता लागलेला प्रत्येक मासा सोडतो, त्यात तिलापियाच जास्त असतात. मित्र हसतात. माझे चुकते का?
— एक तरुण वाचक, ठाणे

उत्तर : तिलापियाच्या बाबतीत चुकते. हा आफ्रिकेतला मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला. मादी अंडी तोंडात धरून वाचवते आणि वर्षातून अनेकदा वीण होते, त्यामुळे देशी माशांना जागा आणि खाणे उरत नाही. इथे तुमचा तलाव बिवा आहे, लेक फोर्क नव्हे. लागलेला तिलापिया परत सोडू नका. पाणी स्वच्छ असेल तर खा, कारखान्याचे सांडपाणी मिसळत असेल तिथला मात्र खाऊ नका. मरळ पावसाळ्यात लागला आणि जवळपास लालसर पुंजका फिरताना दिसला, तर हात ओले करून जागच्या जागी सोडा.