तीनशे कार्डं पाठ केली तरी उत्प्रेक्षा सापडत नाहीये

प्रश्न: ताई, मी टीवाय बीएला आहे, मराठी स्पेशल. अलंकार, रस, शब्दशक्ती, सगळ्याच्या व्याख्यांची तीनशेच्या वर कार्डं केली आणि पाठही केली, पण परीक्षेत न पाहिलेली कविता आली की उपमा कुठली अन् उत्प्रेक्षा कुठली तेच कळत नाही. बाबा म्हणतात बीएड कर आणि मोकळी हो. एमए, नेट हे माझ्यासाठी नाहीये का?

उत्तर: अगं, तीनशे कार्डं! मी एमएला असताना माझी वही होती, हिरव्या कव्हरची, आणि तोंडी परीक्षेत सरांनी फक्त एवढंच विचारलं की रोजच्या बोलण्यातलं लक्षणेचं, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ बसत नाही म्हणून जवळचा दुसरा घ्यावा लागतो त्याचं, एक उदाहरण दे, तर मी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली आणि गप्प बसले. ते म्हणाले, "सगळं गाव जेवलं, यात जेवलं कोण?" घरं थोडीच जेवतात! वहीत ते कुठंच नव्हतं.

म्हणून आधी कार्डं बाजूला ठेव आणि एकच गोष्ट घे. समज, आजीचे हात आणि वाळकी शेंग. "आजीचे हात वाळक्या शेंगांसारखे" म्हटलंस की झाली उपमा, हात वेगळे शेंगा वेगळ्या, मधे "सारखे" उभं आहे. "हात जणू वाळक्या शेंगाच" म्हणालीस की उत्प्रेक्षा, म्हणजे तू तशी कल्पना करतेयस आणि ती कल्पना आहे हे तुलाही माहितीये. "आजीच्या हातांच्या शेंगा" इथे दोन्ही एकच झाले, रूपक. "हे हात नव्हेतच, शेंगा आहेत" ही अपन्हुती, "हात म्हणू की शेंगा?" हा ससंदेह. आणि हाताचं नावच न घेता "या वाळक्या शेंगांनी मला लहानाचं मोठं केलं" असं लिहिलंस तर शेंगेने हात गिळूनच टाकला, संस्कृत काव्यशास्त्रात ही अतिशयोक्ती. शाळेत आपण अतिशयोक्ती म्हणजे नुसतं फुगवून सांगणं एवढंच शिकतो, त्यामुळे एमएला गेल्यावर सगळ्यांची इथे गडबड होते, तुझ्या एकटीची नाही. दोन वस्तू किती लांब, किती जवळ, एवढं बघत गेलीस की सहा-सात नावं आपोआप ओळीत बसतात.

शब्दशक्तीचंही, म्हणजे शब्द अर्थ कसा देतो त्याचंही, तसंच. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या काव्यप्रकाश ग्रंथात "सूर्य मावळला" एवढ्या एका वाक्याचे कितीतरी अर्थ दिलेत, मजुरांना कळतं काम थांबवायचं, कुणाला गाई आत घ्यायच्या आठवतात, कुणाला संध्येची वेळ झाल्याचं. न बोलता सुचवलेला अर्थ, हीच व्यंजना. आता तुझ्या घरी उशिरा आलेल्या भावाला आई "वा, काय वेळेवर आलास!" म्हणते ना, ती विपरीत लक्षणा, अर्थ शब्दांच्या बरोबर उलटा. "दिल्ली नाराज आहे" ही हेडलाइनही लक्षणाच, नाराज होतात ती तिथली माणसं, इंग्लिशवाले याला मेटॉनिमी म्हणतील आणि आपल्याकडे मम्मट अकराव्या शतकात "गंगायां घोषः"वर तेच सांगत बसलाय, की गंगेवर वस्ती म्हणजे पाण्यावर नाही गं, काठावर.

आता नेटचं, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचं. पेपर दोनमध्ये १०० प्रश्न, २०० मार्क, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. तिथे जोड्या लावा प्रकार येतात आणि ते मात्र पाठच पाहिजे. रस कसा होतो याबद्दल भट्टलोल्लट उत्पत्तिवाद, शंकुक अनुमितिवाद, भट्टनायक भुक्तिवाद, अभिनवगुप्त अभिव्यक्तिवाद, आणि काव्याचं मर्म कशात याबद्दल वामनाची रीती, कुंतकाची वक्रोक्ती, आनंदवर्धनाचा ध्वनी. चाळीस-पन्नास कार्डांत बसतं हे सगळं, बाकीची अडीचशे दे धाकट्या बहिणीला रफ कामाला. सेटही द्यायचीच, ही तशीच राज्य पातळीवरची परीक्षा, ती पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र-गोव्यासाठी. आणि यूपीएससी कधी मनात आली तर मराठी वाङ्मय ऑप्शनल घेता येतं, २५० चे दोन पेपर, पण त्यात नुसती व्याख्या लिहून भागत नाही.

बाबांना चूक म्हणू नकोस. प्राध्यापकाची कायम जागा मिळेपर्यंत कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काढतात, हे मी रोज बघते, आणि बीएड हातात असलं तर शाळेची वाट राहते. माझं मत विचारशील तर एमएला प्रवेश घे, दुसऱ्या वर्षी नेट-सेट दे, नाहीच जमलं तर नंतर बीएड. मधल्या काळात भाषांतर, सबटायटल, मुद्रितशोधन अशी छोटी कामं घेत जा. "दिल्ली नाराज"चं दुसऱ्या भाषेत काय करायचं हा प्रश्न तिथे रोज पडतो, पैसे सुरुवातीला फार नाहीत, आधीच सांगते.

या आठवड्यात एवढंच कर, घरात, एसटीत, बाजारात कानावर पडलेली दहा वाक्यं जशीच्या तशी लिही, नावं नंतर शोध, आणि मला पाठव. त्यातली दोन-तीन तरी अशी निघतील की नाव काय द्यायचं यावर तुझं-माझं जमणार नाही, ती आधी बघू.