सेवापुस्तक आधी बघ
बेलापूरच्या कोकण भवनात सरकारी नोकरीत रुजू झालास, अभिनंदन. कँटीनमध्ये सगळे आठव्या वेतन आयोगाचंच बोलतील. ऐकून घे, पण त्या हिशोबावर खारघरचा फ्लॅट बुक करू नकोस. सातवा आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू धरला, तरी राज्यात वाढीव पगार हातात आला तो 2019 मध्ये. तुझं खरं पक्कं म्हणजे वार्षिक वेतनवाढ, साधारण 3 टक्के. लिपिकाचे मूळ वेतन 19,900 चे 20,500 होते, महागाई भत्ता वेगळा.

ती वाढ सेवापुस्तकात, म्हणजे तुझ्या नोकरीच्या नोंदींच्या वहीत, नोंदली का, हे स्वतः डोळ्यांनी बघ. माझी एक नोंद आधीच्या कार्यालयात राहून गेली. बदलीनंतर ती शोधायला दोन वर्षं ठाणे-बेलापूर खेटे घातले. बाबू मंडळी चहा पाजायची, पान काही सापडायचं नाही. तेव्हापासून दरवर्षी झेरॉक्स काढून घरी ठेवते.

नोकरीची हमी? राज्यघटनेचं कलम 311 आहे, चौकशीशिवाय बडतर्फ करणं सोपं नाही. पण परिविक्षा (प्रोबेशन) संपेपर्यंत रजा टाकताना जपून. स्थायित्वाचा, म्हणजे नोकरीत कायम केल्याचा, आदेश मागून घे, आपोआप कोणी हातात देत नाही.

आजारपणात मात्र पैसे आधी तुझे जातात, प्रतिपूर्ती नंतर. आई-वडील अवलंबून असतील तर त्यांची नावं आत्ताच नोंदव. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र एकाच फाईलीत लाव. शिक्का पुसट असला तरी फाईल परत येते, आणि तोवर डॉक्टर सुट्टीवर गेलेले असतात.