"चुकलं तर ते फक्त माझं चुकत नाही"

मुलगी गणितात चांगली आहे, पण गणिताचा वरच्या पातळीचा वर्ग नको म्हणते. आग्रह धरावा की सोडून द्यावं? पुढच्या वर्षीचे विषय ठरायला लागले की पालक मला हे हमखास विचारतात. अशा वेळी मला न्यू जर्सीतल्या माझ्या शाळेतली एक मुलगी आठवते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती कृष्णवर्णीय, सातवीतली. आजीने वाढवलेली. आठवीच्या अल्जिब्रासाठी शिक्षकांनी तिचं नाव सुचवलं होतं. इथे हा निर्णय लहान नसतो. अल्जिब्रा, भूमिती, पुन्हा अल्जिब्रा, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस, असं वर्षाला एक. आठवीत सुरुवात केली तर बारावीत कॅल्क्युलस गाठता येतं. नववीत केली तर एरवी ते राहून जातं, आणि इंजिनिअरिंगकडे वळायचं तर ती उणीव भासते.

तिने नकार दिला. का, तर "गणित आवडत नाही." मी ते तसंच नोंदवून टाकलं. चूक माझी. दोन दिवसांनी आजीचा फोन आला: "माझ्या ओव्हरटाइमचा हिशेब ही माझ्याआधी करते. हिला गणित आवडत नाही?"

मी तिला पुन्हा बोलावलं. या वेळी कारण विचारलं नाही. म्हटलं, "तो वर्ग डोळ्यांपुढे आण. काय दिसतं?" बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिथे माझ्यासारखं कुणीच नाही, मिस. माझं उत्तर चुकलं तर ते फक्त माझं चुकत नाही."

बारा वर्षांच्या पोरीने हे ओझं एकटीने वाहत आणलं होतं.

मी तिला नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांची गोष्ट सांगितली. १९६२ साली अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी पृथ्वीप्रदक्षिणेला निघण्यापूर्वी कॉम्प्युटरची आकडेमोड त्यांच्याकडून तपासून मागितली होती. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली, "त्या जीनियस होत्या. मी नाहीये."

त्या रात्री मी तीच गोष्ट पुन्हा वाचली, तेव्हा मला त्या गोष्टीतली मोठी माणसं दिसली. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हाइट सल्फर स्प्रिंग्जमध्ये कृष्णवर्णीय मुलांना आठवीपुढे शाळाच नव्हती, म्हणून कॅथरीनच्या वडिलांनी सुमारे २०० किलोमीटरवरच्या इन्स्टिट्यूट गावी मुलांसाठी बिऱ्हाड केलं. कॉलेजात प्राध्यापक क्लेटर यांनी कॅथरीनसाठी भूमितीचा खास अभ्यासक्रम तयार केला. त्या वर्गात विद्यार्थिनी एकटी तीच. १९३७ साली, अठराव्या वर्षी ती पदवीधर झाली. (आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली इथल्याच रोझेलमध्ये उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं होतं.) मी मुलीला धीर द्यायला निघाले होते, आणि काम तर आम्हा मोठ्यांचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सातवीचे गुण काढून बसले. तिच्याइतकेच गुण असलेल्या आणखी दोन मुली सापडल्या, एक कृष्णवर्णीय, एक लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाची). त्यांची नावं कुणी सुचवलीच नव्हती. शिक्षकांशी बोलून तिघींना एकाच तुकडीत घ्यायचं ठरवलं. शिक्षकांना एक विनंतीही केली: पेपरवर नुसतं "छान प्रयत्न" लिहू नका. कुठे चुकलं ते लिहा, आणि तिला ते जमेल असं तुम्हाला का वाटतं तेही लिहा.

आजीला म्हटलं, "जबरदस्ती नको. पण ती नेमकं कशाला नको म्हणतेय ते कळेपर्यंत नकाराच्या फॉर्मवर सही करू नका."

त्या दोघींची नावं ऐकल्यावर तिने स्वतःच फॉर्म परत मागितला.

सप्टेंबरअखेर पहिल्या चाचणीत तिला ६८ मिळाले. आजी घाबरली: "काढून घेऊ का तिला?" मी वर्गात डोकावले. तिघी एकाच पेपरवर वाकल्या होत्या, आणि ही फळ्यापाशी जाऊन सरांना विचारत होती, फेरचाचणी मंगळवारी घ्याल का.