गोड शीतपेये सोडली, मग वजन किती उतरणार?

गोड शीतपेये आणि वजन या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय ३८ वर्षे असून वजन ८६ किलो आहे. गेली अनेक वर्षे मी कामाच्या ठिकाणी रोज कोलाचे ३३० मिलिलिटरचे दोन कॅन पीत असे. दोन महिन्यांपूर्वी ते पूर्णपणे बंद केले. बाकी आहारात आणि हालचालीत काहीही बदल केला नाही. या काळात वजन जेमतेम दीड किलोने कमी झाले आहे. शीतपेय सोडल्यावर महिन्याभरात पाच-सहा किलो वजन उतरते, असे सगळे सांगतात. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. चुकला आहे तो आपल्याला सांगितलेला आकडा, आणि तो कसा चुकला हे साध्या हिशेबाने दाखवता येते. कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम आणि आपल्या रोजच्या दोन कॅनमध्ये ७० ग्रॅम साखर झाली. एक ग्रॅम साखरेतून ४ उष्मांक मिळतात, तेव्हा आपण रोजचे २८० उष्मांक कमी केले. दोन महिन्यांत ही बचत १६,८०० उष्मांकांची होते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात असे धरले, तर एवढ्या बचतीतून सव्वादोन किलोच्या आसपासच चरबी उतरू शकते. केवळ शीतपेय सोडून महिन्याभरात पाच किलो चरबी घटवायची असेल, तर आधी रोज तीन लिटर कोला पिण्याची सवय असावी लागेल.

आता सव्वादोन आणि दीड यांतील फरकाचे काय, असे आपण विचाराल. त्यातला काही भाग वजनकाट्याच्या रोजच्या चढउताराचा असतो. खाल्लेले मीठ, प्यायलेले पाणी, वजन करण्याची वेळ यांमुळे एखाद्या किलोचा फरक सहज पडतो. काही भाग असा असतो की, आपल्या नकळत दुसरे काहीतरी थोडे अधिक खाल्ले जाते. वजनकाट्यावर रोज चढण्याची पद्धत मला स्वतःला फारशी पसंत नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खाण्यापूर्वी केलेले वजन पुरेसे आहे, आणि तेही मागच्या आठवड्याशी न ताडता मागच्या महिन्याशी ताडून पाहावे.

मात्र रोजची बचत आणि दिवसांची संख्या यांचा गुणाकार वर्षानुवर्षे असाच करत जाता येत नाही. वजन जसजसे उतरते, तसतसा शरीराचा रोजचा ऊर्जाखर्चही कमी होतो आणि उतरण्याचा वेग मंदावतो. अमेरिकेतील केविन हॉल या संशोधकाने सहकाऱ्यांसह २०११ मध्ये याचे एक गणिती प्रारूप मांडले. त्यानुसार रोजच्या आहारातून कायमचे १० उष्मांक कमी केल्यास प्रौढ माणसाचे वजन कालांतराने अर्ध्या किलोहून थोडे कमी इतके उतरते. त्यातील निम्मी घट पहिल्या वर्षात होते आणि जवळपास सगळी उरलेली घट तिसऱ्या वर्षापर्यंत होते. आपल्या २८० उष्मांकांना हे लावले, तर पहिल्या वर्षात सुमारे सहा किलो आणि तीन वर्षांत बारा किलोच्या आसपास, असा अंदाज निघतो. अर्थात ही कमाल मर्यादा झाली. वाचलेल्या उष्मांकांची जागा दुसऱ्या कशानेही घेतली नाही, तरच ती गाठता येईल. प्रत्यक्षात ही जागा बहुतेकांच्या बाबतीत थोडीफार भरून निघते. अमेरिकेत ८१० प्रौढांवर १८ महिने चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोजचे एक गोड पेय कमी करण्याशी निगडित असलेली वजनातील घट सहा महिन्यांनी सुमारे अर्धा किलो आणि १८ महिन्यांनी सुमारे ६५० ग्रॅम एवढीच दिसली. तरीही त्याच अभ्यासात असे आढळले की, पेयांतून कमी केलेल्या उष्मांकांचा वजनावर होणारा परिणाम घन पदार्थांतून कमी केलेल्या उष्मांकांपेक्षा अधिक होता.

असे का व्हावे, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण शीतपेय सोडण्याचे खरे महत्त्व त्यातच आहे. भूक हा शरीराचा हिशेबनीस मानला, तर प्यायलेली साखर त्याच्या वहीत धड नोंदवलीच जात नाही. पर्ड्यू विद्यापीठातील दोन संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १५ जणांना चार आठवडे रोज ४५० उष्मांकांच्या चघळायच्या गोड गोळ्या (जेली बीन्स) खायला दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच उष्मांकांचे गोड पेय प्यायला दिले. गोळ्यांच्या काळात त्यांचे बाकीचे खाणे आपोआप कमी झाले. पेयाच्या काळात ते कमी झाले नाही आणि वजन वाढले. प्रयोग लहान होता, पण त्याचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. शीतपेय प्यायल्यामुळे आपण जेवताना दोन घास कमी घेत नव्हता, आणि ते सोडल्यामुळे दोन घास अधिक घेण्याची गरजही भासू नये. पोटाला चिमटा न काढता कमी करता येण्याजोगे उष्मांक आहारात फार थोडे असतात, आणि शीतपेय हे त्यांपैकी सर्वांत मोठे खाते आहे. दीड किलोवर नाराज होऊन आपण पुन्हा कॅनकडे वळलात, तर हेच खाते पुन्हा उघडेल.

आपल्याला एकच गोष्ट तपासायला सांगेन. कॅन पिण्याच्या वेळी आता आपण काय करता? दुपारी काम रेंगाळले की हात सवयीने ज्याकडे जात असे, ते काढून टाकल्यावर तो हात रिकामा राहत नाही. साखर घातलेला चहा किंवा कॉफी, बिस्किटे, ‘ऊर्जा देणारे’ म्हणून विकले जाणारे पेय, यांपैकी काहीतरी त्या जागी येऊन बसते. थंडपणा आणि बुडबुडे हवेसे वाटत असतील, तर साखर न घातलेले सोडावॉटर खुशाल प्यावे. त्यात उष्मांक नसतात.

प्रश्न : साखरविरहित ‘डाएट’ शीतपेये प्यायली तर चालतील का? ती कर्करोगाला कारण ठरतात असे वाचले आणि घाबरून तीही सोडली. आता पुन्हा साखरेचे पेय प्यावेसे वाटते.

उत्तर : भीतीने डाएट पेय सोडून साखरेच्या पेयाकडे परत जाणे हा सौदा तोट्याचा आहे, हे आधी सांगतो. आपण वाचलेली बातमी जुलै २०२३ मधील निर्णयाविषयी असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने त्या वेळी अ‍ॅस्पार्टेम या गोडी देणाऱ्या द्रव्याला ‘कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेले’ या गटात घातले. हा गट पुराव्याची ताकद सांगतो, धोक्याचे प्रमाण सांगत नाही, आणि येथे पुरावा मर्यादित होता. त्याच वेळी अन्नातील द्रव्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम ही आधीची मर्यादा कायम ठेवली. ती ओलांडायची तर ७० किलो वजनाच्या माणसाला रोज नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील, असे उदाहरणही तेव्हा दिले गेले. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असणाऱ्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम पूर्णपणे टाळले पाहिजे.

वजनाच्या दृष्टीने चित्र एवढे सरळ नाही. काही महिन्यांच्या प्रयोगांत साखरेच्या पेयाऐवजी डाएट पेय घेणाऱ्यांचे वजन थोडे उतरते. परंतु २०२३ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून अशी गोड द्रव्ये वापरू नयेत, अशी शिफारस केली, कारण दीर्घकालीन लाभाचा पुरावा तिला मिळाला नाही. ही शिफारस सशर्त स्वरूपाची आहे आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. माझे मत विचाराल तर, रोज लिटरभर गोड पेय पिणाऱ्याने पहिले काही आठवडे डाएट पेयाचा आधार घेण्यात काही वावगे नाही. पण गोडाची सवय त्याने सुटत नाही आणि पेयातील आम्लामुळे दातांची होणारी झीजही थांबत नाही. शेवटी हात पाण्याच्या ग्लासाकडेच जायला हवा.

प्रश्न : शीतपेयाऐवजी ताज्या फळांचा रस घेतो. तो नैसर्गिक असल्यामुळे वजन वाढणार नाही ना?

उत्तर : वाढू शकते. संत्र्याच्या रसात १०० मिलिलिटरमागे सुमारे आठ ते दहा ग्रॅम साखर असते, म्हणजे कोलापेक्षा फारशी कमी नाही. रसात जीवनसत्त्वे असतात आणि कोलात नसतात, हा फरक खरा. पण उष्मांकांच्या हिशेबात त्याचा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रसातील साखरही ‘मुक्त साखर’ म्हणूनच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच गटात, मोजली जाते. तिचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावे आणि शक्यतो ५ टक्क्यांखाली आणावे, असे त्यात म्हटले आहे. दिवसाला २,००० उष्मांक घेणाऱ्या व्यक्तीसाठी हे प्रमाण अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. फळ चावून खावे. तीन संत्र्यांचा रस दोन मिनिटांत पोटात जातो. तीन संत्री सोलून खाणारा बहुधा दुसऱ्यालाच थांबतो.

प्रश्न : कोला एकदम बंद केल्यापासून डोके दुखते आणि चिडचिड होते. हा साखर सोडल्याचा परिणाम आहे का?

उत्तर : साखरेपेक्षा कॅफीनचा असण्याची शक्यता अधिक आहे. कोलाच्या एका कॅनमध्ये सुमारे ३० ते ३५ मिलिग्रॅम कॅफीन असते. रोज तीन-चार कॅन पिणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. ते अचानक थांबल्यावर साधारण १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत ती सर्वाधिक जाणवते आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरते. त्रास असह्य वाटत असेल तर रोजचे प्रमाण दर तीन-चार दिवसांनी एका कॅनने कमी करत जावे, किंवा तेवढ्यापुरता बिनसाखरेचा चहा घ्यावा. नऊ-दहा दिवसांनंतरही डोकेदुखी राहिली तर तिचा संबंध कोलाशी न जोडता डॉक्टरांना दाखवावे.

तलफ कमी करण्यासाठी एक प्रयोग सुचवतो. कोला पेल्यात ओतून रात्रभर उघडा ठेवावा आणि सकाळी त्याचा एक घोट घ्यावा. थंडपणा आणि आम्लाची चव या दोन्हींमुळे जिभेला गोडी कमी जाणवते, आणि बुडबुड्यांचा चरचरीतपणाही तिच्यावर पांघरूण घालतो. कोमट, वायू निघून गेलेला कोला हा जवळजवळ पाकासारखा लागतो, आणि पेयातली साखर किती होती हे तेव्हा कळते. ज्यांना आकडे पटत नाहीत, त्यांना हा घोट पटतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा असून त्याचे वजन वयाच्या मानाने जास्त आहे. शीतपेयावरून घरात रोज वाद होतो. त्याला कसे समजवावे?

उत्तर : समजावण्याआधी घरातील साठा संपवावा. नेदरलँड्समध्ये ६४१ मुलांना १८ महिने शाळेत रोज २५० मिलिलिटर पेय दिले गेले. निम्म्यांचे पेय साखरेचे आणि निम्म्यांचे साखरविरहित होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटातील मुलांचे वजन सरासरी ७.३७ किलोने, तर दुसऱ्या गटातील मुलांचे ६.३५ किलोने वाढले. वाढत्या वयात वजन वाढणारच. प्रश्न ते किती वाढते एवढाच असतो, म्हणून मुलाचे वजन उतरवण्याचे लक्ष्य आपण ठेवू नये. त्याच वर्षी अमेरिकेतील एका अभ्यासात जास्त वजनाच्या २२४ किशोरवयीन मुलांच्या घरी वर्षभर साखरविरहित पेये पोहोचवली गेली. वर्षअखेरीस त्यांच्या वजनात चांगला फरक दिसला; पेये पोहोचवणे थांबल्यावर आणखी वर्षभराने तो फरक टिकला नाही. यावरून घरात काय आणले जाते, याला मुलाच्या निश्चयापेक्षा अधिक महत्त्व आहे असे मी मानतो. नियम घरातील सर्वांना सारखा असावा. वडील सोफ्यावर बसून बाटली उघडत असतील, तर मुलाला दिलेल्या व्याख्यानाचा उपयोग होणार नाही. बाहेर मित्रांबरोबर कधीतरी प्यायला, तर त्यावरून चौकशी करू नये.

प्रश्न : मला मधुमेह आहे व मी इन्सुलिन घेतो. वजनासाठी शीतपेये पूर्ण सोडू का?

उत्तर : रोजच्या पिण्यातून जरूर सोडावीत, परंतु त्याआधी आपल्या डॉक्टरांना कल्पना द्यावी. रोज घेतली जाणारी साखर अचानक थांबल्यावर इन्सुलिनची मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. साखर खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली, तर चटकन शोषली जाणारी १५ ते २० ग्रॅम साखर लागते. साधारण १५० ते २०० मिलिलिटर साध्या कोलातून ती मिळते, म्हणून साखरेच्या पेयाची एक लहान बाटली जवळ असू द्यावी. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि ती कमीच असेल तर तेवढेच प्रमाण परत घ्यावे. साखरविरहित पेय या कामी निरुपयोगी आहे. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असतात, तेव्हा साखरेच्या पेयाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत खूण करून ठेवावी आणि घरातील व कामाच्या ठिकाणच्या एका व्यक्तीला ती दाखवून ठेवावी.