तेल, गॅस आणि पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरचं डिझाइन ऑप्टिमाइझ करताना व्यास आधी धरावा की लांबी?

तुम्ही बेळगावात शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्टला आडवा थ्री-फेज सेपरेटर घेतलाय आणि गाइड म्हणतात, व्यास वाढवत जा, रिझल्ट आपोआप सुधारतील. हे वाचलं आणि राहवलं नाही. याच वाक्यावरून आखातातल्या नोकरीत माझं एका साहेबांशी वाजलं होतं. ते साहेब आता टिळकवाडीत राहतात, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही.

मी तिथे प्रॉडक्शन ऑपरेटर होतो. सेपरेटरमधून निघणाऱ्या तेलात पाणी जास्त येत होतं. फ्लो निम्म्यावर आणून बघितला, तरी फारसा फरक पडेना. टाकी लहान पडत असती तर एवढ्यानं सुधारायला नको? पण डिझाइन ऑफिसनं स्प्रेडशीट उघडली, रिटेन्शन टाइम, म्हणजे द्रव टाकीत थांबायचा वेळ, कमी पडतोय म्हणून सांगितलं आणि जास्त व्यासाच्या नव्या वेसलचा, म्हणजे टाकीचाच, प्रस्ताव पुढे केला. मी म्हटलं, आधी आतून बघू या. साहेब म्हणाले, "तुमचं काम व्हॉल्व फिरवायचं, आकडे आमच्यावर सोडा." मराठीत म्हणाले, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. मला कळलं तेवढं पुरे झालं.

शटडाऊनला मॅनहोल उघडला. गॅस तपासून, पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन मी आत शिरलो. गाळ ओलाच ठेवला होता, कारण त्यातलं आयर्न सल्फाइड सुकलं की हवेत आपोआप पेट घेतं. टॉर्च मारला तर एका बाजूचा पत्रा पुसून काढल्यागत स्वच्छ, आणि समोरच्या बाजूला वाळू नि मेणाचा काळा थर, पार विअरपर्यंत, म्हणजे तेल जिच्यावरून पलीकडे सांडतं त्या आडव्या भिंतीपर्यंत, चढत गेलेला. इनलेटपुढच्या भोकांच्या प्लेटचे एका बाजूचे बोल्ट तुटलेले, प्लेट कलंडलेली. आमच्या खानापूरकडं भाताच्या खाचराचा बांध एका कोपऱ्यात फुटला की पाणी तिथूनच पळतं आणि बाकीचं खाचर नुसतं तुंबून राहतं. तसंच चाललं होतं. कागदावरची मिनिटं पूर्ण टाकीची, तेल जात होतं एका पट्ट्यातून.

मूळ दुखणं टाकीच्या बाहेर होतं. जागा वाचवायला पाइपिंगवाल्यांनी नॉझलच्या, म्हणजे टाकीत शिरायच्या नळीच्या, तोंडाशीच दोन एल्बो (पाइपची वळणं) दिले होते, एक आडवा, एक उभा. मिश्रण पीळ घेऊनच आत येत होतं आणि एका बाजूला आपटत होतं. मग एल्बो मागे सरकवून सरळ पाइप दिला, साध्या आपटपट्टीच्या जागी व्हेनचं, म्हणजे वळवलेल्या पात्यांचं, इनलेट बसवलं, प्लेटा नव्या घातल्या, लॉकनटसकट. पाणी मर्यादेत आलं. नवी वेसल रद्द झाली. रिपोर्टवर नाव डिझाइन ऑफिसचं!

परवा एका लग्नात साहेब भेटले, तर पुन्हा तेच. "टाकी मोठी असती तर एवढं झालंच नसतं की वो." मोठ्या टाकीतही हेच झालं असतं, फक्त जास्त पैसे घालून.

आता तुमचा प्रश्न. साइझिंग कुठल्याही पुस्तकात मिळेल. गॅसला लागणारा छेद आणि द्रवाला लागणारा वेळ दोन्ही तपासा, जो जास्त मागेल तो ठरवतो. एपीआय १२ जे या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या सेपरेटरच्या स्पेसिफिकेशनमध्ये ३५ अंश एपीआयच्या (तेलाच्या हलकेपणाचं माप, आकडा जास्त तेवढं तेल हलकं) वरच्या तेलाला ३ ते ५ मिनिटं दिलीत, जड आणि थंड तेलाला ३० पर्यंत. लांबी व्यासाच्या ३ ते ५ पट धरा आणि पुढं चला, तिथं आठवडे घालवू नका.

स्टोक्सचा नियम बघा. तेलातल्या पाण्याच्या थेंबाचा व्यास दुप्पट झाला की खाली बसायचा वेग चौपट, तेलाची विस्कॉसिटी (दाटपणा) निम्मी झाली की वेग दुप्पट. म्हणजे व्यास वाढवायचाच असेल तर थेंबाचा वाढवा. चोक (विहिरीचा प्रवाह आवळणारा व्हॉल्व) आणि कंट्रोल व्हॉल्व थेंब बारीक करतात, म्हणून दाब कुठे आणि किती पाडताय ते बघा. डीमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी फोडणारं रसायन, बराच आधी सोडा, मिसळायला वेळ मिळतो. तेल गरम ठेवा. थेंब जुळवणारे प्लेट पॅक चांगले, पण वाळू आणि मेण असेल तर तेच चोंदतात. शिवाय विहीर जुनी होते तसं पाणी वाढत जातं, तेव्हा डिझाइन पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर करू नका. सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा तिन्ही स्थिती चालवा, विअरची उंची बदलता येईल अशी ठेवा.

एक मान्य करतो. तेलाला फेस येत असेल, लाइनमधून स्लग (द्रवाचे एकदम येणारे लोंढे) येत असतील किंवा गॅसच मर्यादा ठरवत असेल, तर व्यास खरोखर वाढवावा लागतो. हे साहेबांना सांगू नका. आणि माझा अनुभव हलक्या तेलाचा आहे. राजस्थानातल्या बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रासारखं मेणचट तेल असेल, जिथं पाइपलाइनसुद्धा गरम ठेवावी लागते, तर तापमानाचा विचार सगळ्यात आधी.

तुम्ही प्रश्नात तेलाची ग्रॅव्हिटी (अंश एपीआय), तापमान आणि पाण्याचं प्रमाण काहीच दिलेलं नाही. ते टाका, मग आकड्यांवर बोलता येईल. तोवर गाइडना एवढंच विचारा, की नॉझलच्या मागं सरळ पाइप किती धरलाय?