वाचक विचारतात : काळविटाचं लांबलचक जर्मन नाव

प्रश्न : नान्नजच्या माळरानावर दिसणाऱ्या काळविटाला जर्मनमध्ये ‘हिर्शत्सीगेनआंटिलोपे’ म्हणतात. हरीण, बकरी, अँटिलोप असे तीन प्राणी एकाच नावात कसे? शिवाय काळवीट पुल्लिंगी आणि हा शब्द स्त्रीलिंगी, असं का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : शब्द शेवटाकडून सोडवायला घ्या. आपल्या तत्पुरुषासारखंच इथेही शेवटचं पद मुख्य. प्राणी आहे ‘आंटिलोपे’, आणि लिंग-वचन तेच ठरवतं. ते स्त्रीलिंगी, म्हणून अख्ख्या शब्दाला ‘डी’ हेच उपपद. मग समोर काळाकुळकुळीत नर उभा का असेना. सुरुवातीचं ‘हिर्श’ पुल्लिंगी आहे, ते पाहून बरेच जण ‘डेअर’ लावतात आणि हमखास गुण घालवतात.

‘हिर्श’ म्हणजे हरीण, ‘त्सीगे’ म्हणजे बकरी. ही जोडी लॅटिनची. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये काळविटाला बकऱ्यांच्या प्रजातीत घालून ‘काप्रा सर्व्हिकाप्रा’ असं नाव दिलं; त्यातलं ‘सर्व्हुस’ म्हणजे हरीण, ‘काप्रा’ म्हणजे बकरी. ‘अँटिलोपे’ ही प्रजाती प्राणिशास्त्रज्ञ पालासने 1766 मध्ये वेगळी काढली. आजचं शास्त्रीय नाव ‘अँटिलोपे सर्व्हिकाप्रा’. जर्मनमध्ये त्याचाच क्रम उलटलेला दिसतो. ‘त्सीगे’नंतरचा ‘न’ नुसता सांधा आहे, त्यावरून ‘बकऱ्या’ असं अनेकवचन काढू नका.

खरं तर दोघींपैकी बकरीच जवळची. काळवीट गाय-बकरीच्या कुळातला. त्याची पिळदार शिंगं हाडाच्या गाभ्यावर चढलेली आणि कायमची. चितळ-सांबराची फाटे फुटलेली शिंगं गळून पुन्हा येतात. आपण सगळ्यांना सरसकट हरीण म्हणून मोकळे होतो, पण जर्मन माणसाला नुसतं ‘हिर्श’ सांगाल तर त्याच्या डोळ्यांपुढे फाट्यांची शिंगंच येतील.

प्रश्न : जमिनीखाली बोगदे खणणाऱ्या मोलला जर्मनमध्ये ‘माउलवुर्फ’ म्हणतात. ‘माउल’ म्हणजे जनावराचं तोंड, ‘वुर्फ’ म्हणजे फेक. पण तो तर माती पंजांनी उकरतो ना?

उत्तर : शंका रास्त आहे. हे ‘माउल’ मागाहून घुसलं. जुन्या जर्मनमध्ये तो ‘मूवेर्फ’, म्हणजे ढीग टाकणारा. पुढे ‘मोल्टवेर्फ’ झाला. ‘मोल्ट’ म्हणजे माती. तो शब्द बोलण्यातून गेला, तेव्हा लोकांनी त्याच्या जागी ओळखीचं ‘माउल’ बसवलं. इंग्रजीतल्या ‘मोल्डवॉर्प’ या जुन्या नावात माती अजून शाबूत आहे.